आधी तिथी, मग जागा, लेन्स सगळ्यात शेवटी: किनाऱ्यावरच्या कातळाचे आणि कड्यांचे फोटो

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: तुम्ही विट्याचे, वर्षभरापूर्वी कॅमेरा घेतलात, सोबत आलेली 18-55 लेन्स आहे. एकदा जानेवारीत गणपतीपुळे आणि आरे-वारे केलंत, एकदा मे महिन्यात हरिहरेश्वर. दोन्ही वेळा खडकांचे भरपूर फोटो काढले, पण खडक काळ्या गोळ्यासारखे आले, कडा सपाट भिंतीसारखा आला आणि समुद्र पांढुरका. आता वाईड लेन्स घ्यावी का आणि यापेक्षा चांगली जागा कोणती, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

मी कराडचा. गेली 18 वर्षं कुंभार्ली घाट उतरून किनाऱ्याचे फोटो काढायला जातोय. दोन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण आधी तुमच्या फोटोंचं काय बिनसलं ते पाहू, कारण ते लेन्सचंही नाही आणि जागेचंही नाही. तुम्ही फोटोंच्या वेळा दिल्यात हे फार बरं केलंत. जानेवारीतले फोटो दुपारी साडेतीन ते पाचचे, मे महिन्यातले सकाळी अकराचे. म्हणजे सहलीच्या वेळापत्रकात जी वेळ उरली ती फोटोला मिळाली. कातळाचा फोटो हवा असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो.

उजेडाचं आधी सांगतो. आपला कोकण किनारा पश्चिमेला तोंड करून उभा आहे. दुपारी साडेतीनला सूर्य पश्चिमेला कललेला असतो. तुम्ही समुद्राकडे पाठ करून कड्याचा फोटो काढलात, म्हणजे ऊन तुमच्या पाठीमागून सरळ कड्याच्या तोंडावर पडलं. ज्या भेगांमुळे, थरांमुळे कडा कडा वाटतो, त्यांची सावलीच पडली नाही, म्हणून भिंत दिसली. मग वळून समुद्राकडे कॅमेरा केलात तेव्हा सूर्य समोर आला, खडक काळे झाले आणि आकाश पांढरं. आणि मे महिन्यात अकरा वाजता? मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या भागात शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. अकरालाही तो इतका वर आलेला असतो की हरिहरेश्वरच्या कातळातली ती सुंदर जाळीदार भोकं उथळ खळग्यांसारखी दिसणारच.

उपाय साधा आहे. सूर्य बाजूला राहील असं उभं राहायचं. म्हणजे समुद्राकडे किंवा जमिनीकडे न पाहता किनाऱ्याच्या लांबीच्या दिशेने, उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे पाहायचं. त्यासाठी सरळ पुळणीपेक्षा (वाळूच्या किनाऱ्यापेक्षा) समुद्रात घुसलेलं भूशिर, त्याच्या कुशीतली छोटी खाच जास्त उपयोगी. तिथे संध्याकाळचं तिरपं ऊन कातळाला घासून जातं आणि एकेक थर उठून दिसतो. वर्षभरात सूर्य मावळायची जागाही सरकते. आपल्या अक्षांशावर डिसेंबरात तो ठीक पश्चिमेच्या सुमारे 25 अंश दक्षिणेला मावळतो, जूनमध्ये तितकाच उत्तरेला. म्हणून एखाद्या कड्याच्या उत्तरेकडच्या अंगावर डिसेंबरात संध्याकाळभर सावली असते आणि एप्रिलच्या शेवटी तिथेच सोनेरी ऊन येतं. घरी बसून नकाशात उपग्रहाचं चित्र उघडा, किनारा कुठे वळतो ते बघा आणि सूर्याची दिशा दाखवणाऱ्या एखाद्या ॲपमध्ये त्या तारखेची रेघ तपासा. दहा मिनिटांचं काम आहे.

आता पाण्याबद्दल. फोटो चांगला होणं आणि तुम्ही सुखरूप परत येणं, दोन्ही यावर ठरतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपण घाटावरची माणसं. आपल्याला नदीचं पाणी कळतं, पूर कळतो, पण दिवसातून दोनदा चढणारं आणि दोनदा उतरणारं पाणी अंगवळणी पडलेलं नसतं. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, म्हणजे भरती खूप चढते आणि ओहोटीही खूप खाली जाते. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. उधाणाचा खरा जोर अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी दिसतो. मुंबईकडे मोठ्या उधाणाला पाण्याच्या पातळीत चार मीटरपेक्षा जास्त फरक पडतो; दक्षिणेला मालवण-वेंगुर्ल्याकडे जाताना हा फरक कमी होत जातो.

कोकणातल्या माणसांकडे भरतीचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा किंवा अमावस्या म्हणजे पंधरा धरायचे, उत्तर सव्वाअकरा. त्यात सहा तास आणि वर थोडी मिनिटं मिळवली की ओहोटीचा तळ. हा अंदाज आहे, बंदराप्रमाणे पाऊण-एक तास पुढेमागे होतो. नक्की वेळेसाठी जवळच्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघायचं. भारतीय सर्वेक्षण विभाग ती कोष्टकं काढतो आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांचा अंदाज आणि उंच लाटांचे इशारे देते. पण तारीख ठरवण्यापुरता हा हिशेब इतका हाताशी आहे की मी आजही आधी भिंतीवरचं कॅलेंडर पाहतो.

आता या हिशेबात सूर्यास्त घालून बघा. अमावस्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या आत-बाहेर भरती, म्हणजे ओहोटीचा तळ संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास. पंधरवड्यातली सगळ्यात खोल ओहोटी आणि संध्याकाळचं ऊन आपल्या किनाऱ्यावर असं एकत्र येतं. हरिहरेश्वरला लाटांनी कापून सपाट केलेला कातळ, त्यातली डबकी, त्यावरच्या खाचा, हे सगळं पाहायचं तर हेच दिवस. अष्टमीला उलट: संध्याकाळी सहाला पाणी पूर्ण चढलेलं, सपाट कातळ बुडालेला, लाटा थेट कड्याच्या पायाशी. तोही फोटोच आहे, पण वेगळा. तुम्हाला कुठला हवा ते आधी ठरलं पाहिजे. जागा चांगली की वाईट असं काही नसतं. एकच जागा द्वितीयेला आणि अष्टमीला इतकी वेगळी दिसते की ओळखू येत नाही.

सपाट कातळासाठी मी स्वतः पौर्णिमा किंवा अमावस्या टाळून त्यानंतरची द्वितीया-तृतीया घेतो. ओहोटी तितकीच खोल मिळते आणि तिचा तळ सूर्यास्ताच्या जवळ किंवा त्यानंतर येतो. म्हणजे मी संधिप्रकाशात काम करत असताना पाणी अजून उतरत असतं किंवा नुकतंच थांबलेलं असतं. पौर्णिमेला पाणी साडेपाचला वळतं आणि तुम्ही अंधार पडेपर्यंत थांबलात की ते तुमच्या मागून चढत असतं.

हे मी डिसेंबरातल्या एका पौर्णिमेला शिकलो. गुहागर तालुक्यातल्या एका खडपावर, पाय न भिजवता एक घळ ओलांडून पुढच्या कातळावर गेलो होतो. सूर्य सहाच्या पुढे मावळला. रंग अप्रतिम होते, म्हणून चांदणं पडेपर्यंत थांबलो. साडेसातला परत फिरलो तेव्हा त्या घळीत मांडीएवढं पाणी होतं आणि लाट आली की कमरेला लागत होतं. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. तळापासून पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याएवढंच चढतं, दुसऱ्या तासात त्याच्या दुप्पट, तिसऱ्या-चौथ्या तासात तिप्पट. पहिला तास माणसाला गाफील ठेवतो. पलीकडून एका खारवी (मच्छीमार) काकांनी बॅटरी दाखवली, कुठे पाय ठेवायचा ते ओरडून सांगितलं, म्हणून बाहेर आलो. फिल्टरची पिशवी आणि एक लेन्स गेली. त्यानंतर मी परतीची वेळ आधी मोबाईलच्या गजरात लावतो आणि गजर झाला की आकाशात काहीही चाललेलं असो, निघतो.

लाटा उसळताना हव्या असतील तर हिशेब अवघड होतो. हेदवीची बामणघळ घ्या. कातळातली अरुंद भेग, भरतीचं पाणी आत घुसतं आणि वर उसळतं. त्याला पाणी चढलेलंच हवं. पण उधाणाची मोठी भरती आपल्याकडे भर दुपारी आणि मध्यरात्री येते, आणि संध्याकाळची भरती येते ती भांगाची, कमजोर. दोन्ही एकत्र मिळत नाही. मी पंचमी-षष्ठीला जातो. भरती पावणेचार-साडेचारच्या सुमारास, जोर मधला आणि ऊन कलायला लागलेलं. ढगाळ दिवस मिळाला तर उधाणाची दुपारची भरतीही चालते, कारण ढगाखाली काळा कातळ आणि पांढरा फेस यांतला फरक कॅमेऱ्याला पेलतो. शिवाय घळीत पाणी किती उसळेल हे भरतीपेक्षा लाटांच्या जोरावर जास्त ठरतं. एप्रिल-मे महिन्यात वारा शांत असतानाही दूरच्या दक्षिण महासागरातून निघालेल्या लांब लाटा येतात. त्या पाच-दहा मिनिटं गप्प बसतात आणि मग तीन-चार मोठ्या एकामागून एक येतात. म्हणून कुठल्याही कातळावर उतरण्याआधी वीस मिनिटं नुसतं उभं राहून पाहायचं. सगळ्यात मोठी लाट कुठपर्यंत आली ती जागा लक्षात ठेवायची आणि त्याच्या बऱ्याच मागे थांबायचं. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर भरतीला जाऊच नका. समुद्राकडे पाठ करून उभं राहू नका आणि एकटे उतरू नका.

वरचे कडे ही वेगळी गोष्ट. रत्नागिरीच्या पट्ट्यात खाली बेसॉल्ट, म्हणजे काळा कातळ, आणि वर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं पठार. जांभा मऊ, भोकाभोकांचा, आणि कडेला खालून पोखरला गेलेला असू शकतो. वरून भक्कम दिसणाऱ्या कडेखाली काहीच नसतं असं मी खालच्या बाजूने अनेकदा पाहिलंय. ट्रायपॉड कडेपासून चार-पाच पावलं आतच लावा. पुढचा दगड चौकटीत आणायची हाव सोडा.

तुमच्या प्रवासाकडे येतो. तुम्ही विट्याचे आहात ही सोय आहे, कारण गुहागर-विजापूर रस्ता तुमच्या गावातूनच जातो: विटा, कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली, चिपळूण, गुहागर. पहाटे निघालात तर दुपारच्या आत पोहोचता. तेच करा. बरेच जण जेवून निघतात, घाटात ट्रक आडवे येतात आणि सूर्य मावळताना ते वाळूवर गाडी लावत असतात. द्वितीयेच्या दिवशी दुपारी पोहोचलात तर भरती पूर्ण चढलेली असते. तेव्हा ऊन रखरखीत असतं, फोटो काही होणार नाही, पण जागा हेरायला याहून चांगली वेळ नाही. पाणी जास्तीत जास्त कुठे येतं ते डोळ्यांना दिसतं, कुठली घळ भरते ते कळतं. मग ओहोटी लागली की हिरव्या-काळ्या शेवाळाची रेघ आणि कालवं चिकटलेले पट्टे उघडे पडतात. शेवाळावर पाय ठेवायचा नाही. कालवांवर बूट धरतो, पण पडलात तर हात फाटतो. चपला घालून जाऊ नका.

जमलं तर दोन संध्याकाळी आणि मधली एक पहाट असा मुक्काम करा. पहाटेचं कुणी फारसं मनावर घेत नाही, कारण सूर्य डोंगरामागून उगवतो. पण सूर्य उगवण्याआधी पश्चिमेला समुद्रावर निळसर करडा पट्टा आणि त्याच्यावर गुलाबी झाक येते. तो पट्टा म्हणजे आकाशात पडलेली पृथ्वीची सावली. त्या उजेडात सावल्या नसतात आणि ओला कातळ मखमलीसारखा दिसतो. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर त्याच वेळी चंद्र समुद्रात उतरत असतो आणि ओहोटीही असते. माझे सगळ्यात आवडते फोटो अशा पहाटेचे आहेत, एकही सूर्यास्ताचा नाही.

महिना कोणता, हे तुम्हाला काय आवडतं त्यावर आहे. ऑक्टोबरात हवा स्वच्छ आणि सड्यावर गवत हिरवं. डिसेंबर-जानेवारीत समुद्र शांत, पण क्षितिजावर धुरकटपणा. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात ढग सुंदर असतात, पण लाटा भरवशाच्या नसतात. पावसाळ्यात खाली कातळावर उतरायचंच नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीच बंद असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देईपर्यंत तिथली माणसं त्याला मोकळा सोडतात. आपणही तसंच करावं. त्या दिवसांत वरच्या रस्त्यावरून, आरे-वारेसारख्या ठिकाणाहून, लांबून फोटो घ्या. विजयदुर्ग-सिंधुदुर्गसारख्या संरक्षित किल्ल्यांवर ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, हे ध्यानात ठेवा.

आता कॅमेरा. काळा ओला बेसॉल्ट समोर असला की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, आणि तो फोटो जास्त उजळ करतो; फेस पांढरा फटक होऊन जातो. एक्सपोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कमी करा आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला चिकटत नाही ना ते बघा. कातळातला तपशील रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या) फाइलमधून नंतर वर काढता येतो, गेलेला फेस परत येत नाही. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ 8 ते एफ 11. त्यापुढे एफ 16, 22 वर गेलात तर चित्र मऊ पडतं. तुमच्या लेन्सवर 18 मिलिमीटर आणि एफ 11 ला दीड मीटरवर फोकस केलात तर पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येईल. पुढचा दगड त्या पाऊण मीटरच्या पलीकडे ठेवा.

शटरची वेळ म्हणजे लाटेशी बोलणं आहे, इथे घाई करू नका. लाट आपटतानाचे थेंब हवे तर 1/500 किंवा वेगवान. लाट परत जाताना कातळावरून ओघळणाऱ्या रेषा हव्या तर पाव सेकंद ते एक सेकंद, आणि बटण लाट येताना नाही, ती परत फिरली की दाबायचं. हा एक बदल केलात तरी फोटो वेगळे दिसतील. 30 सेकंदांना समुद्राचं धुकं होतं. लाटेचा आकार जातो आणि कातळाचा आकार उरतो. ते कधीतरी छान, नेहमी नाही. लांब वेळेसाठी सहा स्टॉपचा एनडी (उजेड अडवणारा) फिल्टर पुरे: 1/15 सेकंदाचे जवळपास चार सेकंद होतात. आपल्याकडे सूर्य पटकन बुडतो, संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांचाच, म्हणून लांब एक्सपोजरनंतर कॅमेरा तितकाच वेळ चित्रातले दाणे (नॉइज) कमी करत बसतो ती सोय बंद ठेवा. पोलरायझर जपून वापरा. तो ओल्या दगडाची चकाकी काढतो, आणि काळ्या दगडाला ती चकाकीच उठाव देते.

आता तुमच्या लेन्सचं उत्तर. सध्या घेऊ नका. किनाऱ्यावर 18 मिलिमीटर पुरेशी रुंद आहे. तेच पैसे बऱ्यापैकी जड ट्रायपॉड, सहा स्टॉपचा फिल्टर आणि न घसरणारे बूट यांत घाला. कड्यांसाठी तर माझा हात वाईडपेक्षा लांब लेन्सकडे जातो, 70 ते 200 च्या दरम्यान, कारण दूरच्या भूशिरांचे थर एकामागे एक दाबून दाखवता येतात.

जायच्या आधी सराव घराजवळ होतो. कास किंवा सडावाघापूरच्या पठारावर जा. तिथला माथा त्याच जांभ्याचा आहे, जो रत्नागिरीच्या सड्यावर आहे, आणि खाली तोच बेसॉल्ट. तिरप्या उन्हात दगडाच्या कुठल्या बाजूला उभं राहिलं की पोत उठतो, हे एका संध्याकाळी हाताला कळेल. वाहत्या पाण्याचा सराव साताऱ्याजवळच्या माहुलीच्या संगमावर, पाणी बेताचं असताना करा.

परत आलात की त्याच रात्री एक काम करा, कितीही दमला असाल तरी. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा, सांध्यांत वाळूचा कण राहिला तर आठवड्यात गंज धरतो. लेन्सच्या काचेवर खारा थर बसलेला असतो; तो कोरड्या कापडाने पुसलात तर मीठ काचेवर घासलं जातं. आधी ओलसर मऊ कापडाने मीठ विरघळू द्या, मग कोरडं कापड. तारीख ठरली की मला तिथी, मुक्कामाचं गाव आणि तुम्हाला उघडा कातळ हवा की उसळती लाट, एवढं कळवा. त्या दिवसाच्या वेळा आपण मिळून बसवू.